अख्ख्या घराला मिळून एक साधा कीपॅड फोन: आमचा अनुभव, आणि आमिश लोकांकडून उचललेला नियम

दोन हजाराच्या आतला ४जी कीपॅड फोन आहे, नागपूरला बर्डीवरून घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण या रेंजमधले सगळे फोन थोड्याफार फरकाने सारखेच, आणि ज्या तक्रारी खाली लिहिल्यात त्याही सगळ्यांनाच लागू पडतील. मला फोन कसा आहे त्यापेक्षा तो कसा वापरला ते जास्त सांगायचंय. आमच्याकडे हा फोन कोणा एकाचा नाही. महालात आमचं जुनं घर आहे, खाली आम्ही आणि आई-बाबा म्हणजे माझे सासू-सासरे, वर दीर-जाऊ आणि पुतण्या, आणि खालच्या पॅसेजमध्ये देवघराच्या बाजूच्या फळीवर हा फोन ठेवलेला असतो, तिथेच चार्ज होतो, बोलायचं तर तिथेच उभं राहून बोलायचं. रात्री आठ वाजले की सगळ्यांचे स्मार्टफोन त्या फळीखालच्या ड्रॉवरमध्ये जातात आणि सकाळपर्यंत ज्याला आमच्याशी काम आहे त्याने घरच्या नंबरवर फोन करायचा.

आधीच मत सांगून टाकते. एकट्याने स्वतःपुरता "डिटॉक्स" करायला घेत असाल तर राहू द्या, आठवड्यात कंटाळून जाल. घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवून घेत असाल तर आजच घ्या.

ही कल्पना आमची नाही, अमेरिकेतल्या आमिश लोकांची आहे, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणारा एक ख्रिस्ती समाज. माझी ननंद पेनसिल्व्हेनियात राहते, तिच्याकडे गेलो तेव्हा तिने लँकेस्टर काउंटी दाखवली, आमिश वस्तीचा तिथला जिल्हा. मक्याची शेतं, राखाडी रंगाच्या घोड्याच्या बग्ग्या, दोरीवर वाळत घातलेले एकाच छापाचे साधे कपडे, पुरुषांना दाढी पण मिशी नाही. पर्यटकांना दाखवायला म्हणून एक फार्म ठेवलंय तिथे अंगणाच्या टोकाला एक लाकडी खोली होती, आपल्याकडे पूर्वी एसटीडी बूथ असायचे ना अगदी तेवढीच, आत भिंतीला फोन, खाली फळी, फळीवर वही आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. बसायला नीट जागा पण नाही. आजूबाजूची काही घरं मिळून असा एक फोन वापरतात, आलेले निरोप व्हॉइसमेलवर राहतात, कोणीतरी दिवसातून जाऊन ऐकून येतं. थंडीच्या दिवसात त्या खोलीत उभं राहून कोण तासभर गप्पा मारत बसेल सांगा? काम झालं की माणूस घरात परत. मी ते बघून तिथेच यांना म्हटलं की आपल्या घरात हे पाहिजे.

लोकांना वाटतं आमिश म्हणजे यंत्राला हात न लावणारे, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अडकलेले लोक. तसं नाहीये. फोन करणं त्यांच्यात पाप नाही, डॉक्टरला करतात, धंद्यासाठी करतात, भाड्याच्या गाडीवाल्यालाही करतात. हो, गाडीत बसायला चालतं, स्वतःची गाडी घ्यायला चालत नाही. कारण स्वतःची गाडी आली की माणूस लांब जातो, लांबचं काम धरतो, मग शेजारी कोण राहतं तेही माहीत नसतं. घोडा एका दिवसात जाऊन जाऊन किती जाणार, म्हणून सगळं जग आपोआप घोड्याच्या टप्प्यात राहतं. विजेचंही तसंच, बाहेरून तारेने येणारी वीज घरात घेत नाहीत, पण बॅटरी चालते, बऱ्याच ठिकाणी सोलर चालतं, आणि लँकेस्टरच्या सुतारखान्यात डिझेल इंजिनवर हवेचा दाब तयार करून त्यावर मशीन पळवतात. शिलाई मशीन, किचनमधला मिक्सर पण हवेवर करून घेतात. म्हणजे डोकं भरपूर आहे. सायकल लँकेस्टरला चालत नाही, पायाने ढकलायची मोठी स्कूटर चालते, आणि तिकडे ओहायोत काही भागात इलेक्ट्रिक सायकली सुद्धा चालतात. प्रत्येक वस्तीचं वेगळं.

थोडा इतिहास सांगते म्हणजे हे लोक कोण ते कळेल. सोळाव्या शतकात युरोपात काही ख्रिस्ती लोकांचं म्हणणं पडलं की बाप्तिस्मा बाळाला द्यायचा नाही, मोठं होऊन स्वतः समजून-उमजून घ्यायचा. या म्हणण्यासाठी त्यांच्यातल्या कितीतरी जणांना बुडवून, जाळून मारलं. त्यातूनच पुढे १६९३ मध्ये याकोब अम्मान नावाचा एक धर्मोपदेशक वेगळा झाला, त्याच्या नावावरून आमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात येऊ लागले, आणि गंमत अशी की युरोपात आता त्यांची एकही वस्ती उरलेली नाही. अमेरिकेत मात्र साधारण ४ लाख आहेत आणि वीस-बावीस वर्षांत दुप्पट होऊन राहिले. मुलं भरपूर असतात हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण म्हणजे मुलं टिकतात. सोळा वर्षांनंतर मुलांना मोकळीक असते, जग बघा, मित्र-मैत्रिणींत फिरा, मग ठरवा चर्चमध्ये यायचं की नाही. दहापैकी आठ-नऊ जण ठरवून आत येतात. आपल्या पोरांना आपण सगळं जग हातात देऊन ठेवलंय आणि आपल्याला रात्रीच्या जेवणाला त्यांना पाच-पाच हाका माराव्या लागतात, मला ह्याचं फार वाटतं.

तर मुद्द्यावर येते. १९१० च्या आसपास लँकेस्टरच्या आमिश लोकांसमोर फोन आला तेव्हा काहींनी घरात घेतलाही होता. मग चर्चमध्ये बसून ठरलं की घरात फोन नको. ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांच्यातले काही वेगळे झाले, म्हणजे सोपं नव्हतंच. पण त्यांनी "फोन चांगला की वाईट" असला वाद घातला नाही, त्यांनी बघितलं की हा घरात आल्यावर आपल्या माणसांचं एकमेकांकडे जाणं-येणं राहील की जाईल. नवीन कुठलीही वस्तू आली की हाच प्रश्न. आणि हे नियम, ज्याला ते ऑर्डनुंग म्हणतात, बहुतेक ठिकाणी कागदावर पण नसतात, पंचवीस-तीस-चाळीस कुटुंबांचा एक गट असतो आणि वर्षातून दोनदा, त्यांच्या मोठ्या प्रभुभोजनाच्या आधी, सगळ्यांना विचारलं जातं की हे सगळं अजून मान्य आहे का. मनं जुळली नाहीत तर तो विधी पुढे ढकलतात. मला हे सगळ्यात आवडलं. आपल्याकडे नवीन फोन घरात येतो तेव्हा कोण विचारतं कोणाला? ऑफर लागली, ईएमआय बसला, घेऊन आले. जिओचं इंटरनेट २०१६ ला आलं आणि आमच्या घरात दोन-तीन वर्षांत प्रत्येकाच्या हातात एक स्क्रीन झाली, एकदाही कोणी बसून म्हटलं नाही की बाप्पा, याने आपल्या घराचं काय होईल.

म्हणून फोन घ्यायच्या आधी आम्ही रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे बसलो. बाबा आधी म्हणाले, "काहून बा, लँडलाईन परत आणता का?" पण त्यांना मनातून आवडलं होतं. दिरांचं काम औषध कंपनीत आहे, त्यांना रात्री डॉक्टरांचे फोन येतात, त्यांनी स्पष्ट सांगितलं माझं जमणार नाही. पुतण्या बारावीला, क्लासच्या नोट्स व्हॉट्सअपच्या ग्रुपवर रात्रीच पडतात. जाऊबाईंची तक्रार अशी की तिच्या आईची तब्येत बरी नसते, रात्री काही झालं तर कळणार कसं. मग एकेक करून सोडवलं. दिरांनी डॉक्टरांना घरचा नंबर दिला. जाऊबाईंच्या भावाला पण दिला. पुतण्याला साडेनऊपर्यंत सूट, पण फोन डायनिंग टेबलवर, खोलीत नाही. हे दर दिवाळीला आणि गुढीपाडव्याला परत बसून बघायचं असंही ठरलं, कोणाला जड जात असेल तर बदलायचं. आमिश लोकांतही दुकानासाठी, कारखान्यासाठी अशीच सूट देतात, घरापासून लांब ठेवून. सूट दिली की नियम मोडला असं नसतं, सगळ्यांसमोर दिली की झालं.

आता फोनबद्दल. आवाज एकदम कडक. बाबांना उजव्या कानाने कमी येतं तरी त्यांना स्पीकर लावावा लागत नाही. बटणं मोठी आहेत, आकडा दाबला की बोलून दाखवतो, आईंना तेवढ्यावरच विश्वास बसला. बॅटरी तीन-चार दिवस आरामात जाते, मे महिन्यात वादळ आलं आणि आमच्या भागात रात्रभर लाईट नव्हती तेव्हा ड्रॉवरमधले अर्धे फोन मेले होते पण हा चालू होता आणि वरच्या बटणाचा टॉर्चच आम्ही कंदिलासारखा वापरला. एफएमला इअरफोन लावावा लागत नाही, बाबा सकाळी आकाशवाणीच्या बातम्या त्याच्यावर लावून ठेवतात आणि अख्खं घर ऐकतं. आधी ते बातम्या मोबाईलवर एकटे बघायचे.

सगळ्यात मोठा फरक उभं राहून बोलण्याचा. फोन फळीवर, वायर आखूड, खुर्ची मुद्दाम ठेवली नाही. माझ्या आईशी मी रोज बोलायचे तर अर्धा तास कसा जायचा कळायचं नाही, त्यातला निम्मा वेळ एकीकडे मी रील बघत असायचे, खरं सांगायचं तर तिलाही ते कळत असणार. आता पाच-सात मिनिटं बोलते पण पूर्ण तिच्याशीच बोलते, आणि रविवारी ती रेशीमबागेतून आमच्याकडे येते किंवा मी जाते. आणखी एक, पॅसेजमध्ये बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. आधी वाटलं प्रायव्हसीचं काय, आणि मुलीला तर ते अजूनही खटकतं, तिचं बरोबर आहे, तिच्यासाठी दुपारी तिचा फोन असतोच. पण मोठ्यांच्या बाबतीत फायदाच झाला. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं हे सगळ्या घराला एकाच वेळी कळलं, कोण जाणार, डबा कोण देणार तिथेच ठरलं.

हे डब्याचं मला लिहायचंच होतं. बाबा मागे ॲडमिट होते तेव्हा फॅमिली ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली होती, "गेट वेल सून" चे गुलाब, आणि प्रत्यक्ष दवाखान्यात येऊन बसणारे बोटावर मोजण्याइतके. मी कोणाला दोष देत नाही, मी पण दुसऱ्यांच्या वेळी तेच करते, इमोजी टाकला की मनाला वाटतं आपण विचारपूस केली. बहुतेक आमिश लोक हेल्थ इन्शुरन्स घेत नाहीत. सरकारी सोशल सिक्युरिटीतून, म्हणजे म्हातारपणीच्या पेन्शनच्या योजनेतून, पण त्यांना १९६५ पासून सूट आहे (इन्कम टॅक्स, प्रॉपर्टी टॅक्स मात्र भरतात). दवाखान्याचं मोठं बिल आलं की समाज मिळून भरतो. धान्याचं कोठार जळालं तर शेकडो माणसं येऊन एका दिवसात नवीन उभं करतात, बायका सगळ्यांचा स्वयंपाक करतात. त्यांना एकमेकांची गरज पडते आणि ती गरज त्यांनी मुद्दाम जपलीय, म्हणून तर ट्रॅक्टर लँकेस्टरच्या शेतात चालवत नाहीत, एकट्याने सगळं उरकायला लागला तर शेजाऱ्याला कोण बोलावेल. आपण प्रत्येक ॲप असंच निवडतो की कोणाची गरज पडायला नको.

कॅमेरा: नावाला आहे. फोटो इतका धुरकट येतो की माणूस ओळखू येत नाही. मुलीच्या वाढदिवसाला केक रात्री कापला, फोन ड्रॉवरमध्ये, एकही फोटो नाही, आणि आई फार नाराज झाल्या कारण ननंदेला पाठवायचा होता. त्यांचं दुःख मला कळतं, लेक सात समुद्रापलीकडे आहे, तिच्यासाठी तो फोटोच भेट. आमिश लोक पोझ देऊन फोटो काढू देत नाहीत, "मूर्ती करू नको" ही बायबलमधली आज्ञा आणि स्वतःला मिरवायचं नाही हा भाव, त्यांच्या लहान मुलींच्या कापडी बाहुल्यांना सुद्धा चेहरा नसतो. मला इतकं टोकाचं जमणार नाही आणि पटतही नाही, आमच्या घरात पणजोबांचा एकच फोटो आहे आणि तो किती मोलाचा आहे ते मला माहितीये. पण केक कापताना सगळ्यांचे चेहरे मुलीकडे होते, कोणाचा चेहरा स्क्रीनमागे नव्हता, हे पण तितकंच खरं. यावर दिवाळीच्या बैठकीत असं ठरवलं की सणावाराला आणि वाढदिवसाला एक फोन बाहेर काढायचा, फोटो झाले की परत आत.

आता जे मला आमिश लोकांचं अजिबात मान्य नाही ते पण लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी तिकडे राहायलाच निघाले. शिक्षण आठवीपर्यंत. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये विस्कॉन्सिन विरुद्ध योडर या केसमध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला की धर्मस्वातंत्र्य म्हणून ते मुलांना आठवीनंतर शाळेतून काढू शकतात. माझी मुलगी हे ऐकून चिडली, म्हणाली मग तिथल्या एखाद्या मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर? माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण उत्तर नाहीच, तिला समाज सोडावा लागेल. मोकळीक आहे म्हणतात पण आठवी शिकलेलं पोर बाहेर जाऊन करणार काय? ज्या विदर्भात सावित्रीबाईंच्या जयंतीला पोरी भाषणं करतात तिथल्या आईला हे पटणं शक्य नाही. दुसरं, धर्मोपदेशक पुरुषच होतो. निवड चिठ्ठीने होते, भजनांच्या पुस्तकांपैकी एकात चिठ्ठी ठेवतात, ज्याने ते पुस्तक उचललं तो झाला, ते मला सुंदर वाटतं कारण कोणी प्रचार करत नाही, पण बायकांना नाव सुचवता येतं तरी पद मिळत नाही. तिसरं बहिष्कार. बाप्तिस्मा घेऊन मग सोडून गेला तर घरच्यांनी पण त्याच्यासोबत एका टेबलावर जेवायचं नाही. आपल्या समाजात वाळीत टाकण्याने किती लोक मोडले ते आपण बघितलंय, महाराष्ट्राने त्याच्याविरुद्ध कायदा पण केलाय, त्यामुळे ते गोड करून सांगायची माझी इच्छा नाही.

म्हणून आम्ही त्यांचा फक्त बसून ठरवायचा भाग घेतला, आणि आमच्याकडे न पाळणाऱ्याला कोणी ताटावरून उठवत नाही. पुतण्याने परीक्षेनंतर तीन-चार रात्री ड्रॉवरमध्ये फोन ठेवला नाही, बाबा एवढंच म्हणाले की "ठरवताना तू पण होतास ना." बाकी काही नाही. नंतर तो स्वतःच ठेवायला लागला. आता तो रात्री या फोनवर साप-गेम खेळतो आणि आजोबांशी स्कोअरची शर्यत लावतो.

तक्रारी. मराठी मेसेज काही वेळा नुसते चौकोन दिसतात. कॉन्टॅक्ट भरताना जीव जातो, एकेक अक्षरासाठी तीनदा बटण दाबायचं, शेवटी आम्ही वहीच केली आणि फळीवर ठेवली, आता आईंना नंबर शोधायला कोणाला विचारावं लागत नाही. स्पॅम कॉल थांबवायची नीट सोय नाही, लोन देऊ का म्हणून रात्री फोन येतात, डीएनडी लावल्यावर कमी झाले. बटणं वर्षभरात सैल होतात असं दुकानदार स्वतःच म्हणाला. पैसे द्यायचे असतील तर कीपॅड फोनवरून यूपीआय १२३पे चालतं, रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सुरू केलंय, नंबर डायल करून आवाजावर सगळं होतं, पण बाजारात गर्दीत उभं राहून ते करणं मला तरी जमलं नाही. रात्री दूध-ब्रेड लागलं तर आम्ही कॅश ठेवतो, कोपऱ्यावरच्या दुकानात खातं पण आहे.

घेणार असाल तर ४जीचाच घ्या, जिओचं सिम असेल तर २जी फोनवर चालणारच नाही. सिम नवीन घेऊ नका, घरात कोणाचा तरी जुना नंबर असतो जो सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे, आम्ही बाबांचाच टाकला. त्याच नंबरवर बँकेचे ओटीपी येत असतील तर ते याच फोनवर येतील हे मात्र आधी घरात सांगून ठेवा. फळी अशा जागी लावा की कूलरच्या आवाजात पण रिंग ऐकू यावी, उन्हाळ्यात आमचे दोन-तीन फोन असेच हुकले.

साडेचार स्टार. अर्धा कापला तो मराठी अक्षरांसाठी.